दुखत नाही, म्हणून गप्प बसू नका

मागच्या खेपेला बिबड्या आणि उडदाच्या पापडांबद्दल लिहिलं होतं, आणि यावेळी कुरडयांचं लिहीन असं कबूल केलं होतं. कुरडया पुढच्या आठवड्यावर टाकते. आज घरातलीच एक गोष्ट सांगायची आहे. ती लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं, कारण तिच्यात माझी स्वतःची चूक आहे. पण सासूबाईच म्हणाल्या, "लिही. एखादीचं तरी भलं होईल."

आमचं फैजपूर म्हटलं की जुन्या माणसांना १९३६ सालचं काँग्रेसचं अधिवेशन आठवतं, आणि बाकी सगळ्यांना केळी. आमच्या घरीही केळीचंच उत्पन्न. अशा घरात जन्मलेल्या माझ्या धाकट्या नणंदेला तीन वर्षं एक केळं खायला मिळालं नाही! दुसऱ्या बाळंतपणात तिचा रक्तदाब चढला, तो पुढे उतरलाच नाही. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पाय सुजायला लागले, चेहरा सुजायला लागला, तेव्हा तपासण्या झाल्या आणि कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात. मग डायलिसिस. आठवड्यातून दोनदा. एका मध्यम केळ्यात साधारण चारशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि किडनी काम करत नसली की ते रक्तात साचून हृदयाला धोका होतो. म्हणून केळं बंद, नारळपाणी बंद, आणि पाणी? दिवसाला मोजून लिटरभर, त्यातच चहा, आमटी, ताक सगळं आलं. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा जिभेवर ठेवून बसायची, ते बघवत नसे.

शेवटी सासूबाईंनी किडनी दिली. त्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. आळीतल्या दोघी-तिघींनी बोलून दाखवलंच, "दिल्या घरच्या पोरीला किडनी? तिच्या सासरच्यांनी नको का द्यायला?" सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोर माझी, किडनीबी माझी."

मैत्रिणींनो, हे सहज सांगत नाही. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, कुठे आई, कुठे बायको. आणि नवा अवयव मिळणाऱ्यांत मात्र पाचांतले चार पुरुष असतात. तेव्हा आईनं लग्न झालेल्या मुलीला किडनी द्यावी, ही आमच्या घरची मोठी गोष्ट होती.

ऑपरेशन मुंबईला झालं. दोघी सुखरूप घरी आल्या. नणंदेनं तीन वर्षांनी पहिलं केळं खाल्लं, डॉक्टरांना विचारून, अर्धं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो आणि ती रडत होती.

आखाजीचे ते तीन दिवस

आखाजी म्हणजे आम्हा खानदेशातल्या बायकांचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. नणंद शिरपूरहून एस.टी.नं आली. चोपडा, यावल करत उन्हातून चार तास. वाटेत एक घोटही पाणी प्याली नव्हती. का, ते तुम्हाला सांगायला नको. बसस्टँडवर जायची सोय कशी असते, आपल्याला माहीत आहे.

आल्या आल्या कामाला लागली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, घरात पंधरा माणसं. पारा त्रेचाळिसाच्या वर. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, सकाळपासून लघवी फार कमी झाली हो."

मी विचारलं, "पोटात दुखतंय का?"

"नाही."

"जळजळ? ताप?"

"नाही, थोडी कणकण आहे."

मी म्हटलं, "अगं, ऊन किती आहे! घाम जातोय सगळा. सरबत पी, उद्या बघू." ही माझी चूक. शाळेत मी मुलांना सांगते, शंका आली की विचारा. स्वतः मात्र विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या पायांवर सूज होती. शेजारच्या आजी म्हणाल्या, "खडा असंल तर माणूस गडबडा लोळतो. दुखत नाही, मंग काह्याचं भ्याव? पानफुटीची पानं चावून खा, कुळथाचा काढा पे." काढा उकळायलाही ठेवला होता. तेवढ्यात सासूबाईंनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. घरून निघतानाच्या वजनापेक्षा दोन किलो जास्त! सासूबाईंनी काढ्याचं भांडं खाली उतरवलं आणि म्हणाल्या, "आधी मुंबईच्या डॉक्टरांना फोन."

डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, "लघवी किती झाली?" आणि सांगितलं, आजच रक्त तपासा, आजच सोनोग्राफी करा. जळगावला नेलं. तिचं क्रिएटिनिन नेहमी १.१ च्या आसपास असायचं, ते २.६ झालं होतं. आमच्या पोटात गोळा आला. आम्हाला वाटलं, शरीरानं आईची किडनी नाकारली. पण सोनोग्राफीत दिसलं ते वेगळंच. नव्या किडनीच्या नळीत खडा अडकला होता. लघवी पुढे जात नव्हती, म्हणून किडनी फुगली होती.

त्याच रात्री मुंबई गाठली. तिथे आधी पोटावरून एक बारीक नळी थेट किडनीत घालून तुंबलेली लघवी बाहेर काढली. संसर्ग आटोक्यात आल्यावर त्याच वाटेनं दुर्बीण घालून, लेसरनं खडा फोडून काढला. हरभऱ्याच्या डाळीएवढा होता तो! क्रिएटिनिन हळूहळू १.३ वर आलं. आईची किडनी वाचली. आणखी चार दिवस "उद्या बघू" झालं असतं, तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

दुखलं का नाही?

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला, आणि उत्तर ऐकून थक्क झाले. तुम्हीही नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे.

आपल्या किडन्या पाठीकडे, बरगड्यांच्या खाली असतात. नवी किडनी तिथे बसवत नाहीत. ती ओटीपोटात, बहुतेकदा उजव्या बाजूला, जांघेच्या वर बसवतात, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांना ती जोडायला सोपी आणि मूत्राशयही जवळ. जुन्या किडन्या सहसा तिथेच राहू देतात. किडनी एका शरीरातून काढताना तिच्या नसा तुटतात. रक्तवाहिन्या जोडता येतात, मूत्रनळी जोडता येते. पण नसा जोडल्या जात नाहीत. म्हणून आपल्याला खडा झाला की कमरेतून जी कळ येते, ती अशा रुग्णाला येतच नाही. खडा गुपचूप बसून राहतो. कळतं ते लघवी कमी झाल्यावर, रक्त आल्यावर, ताप आल्यावर, नाहीतर रक्ताच्या तपासणीत. आणि या सगळ्या खुणा किडनी नाकारली जाते तेव्हाच्या खुणांसारख्याच दिसतात. म्हणून घरी बसून अंदाज बांधायचा नाही. तपासणीच करायची.

घाबरून मात्र जाऊ नका. हा त्रास फार जणांना होत नाही, साधारण शंभरात एखाद्याला. पण ज्याच्या घरी तो एखादा असतो, त्याला ते शंभरच.

खडा होतो कशानं?

एक कारण गळ्यातलं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. शरीरातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. किडन्या वर्षानुवर्षं बिघडलेल्या असतात तेव्हा या ग्रंथी जादा काम करायला लागतात, वाढतात. नवी किडनी मिळाली तरी त्यांची सवय लगेच सुटत नाही. त्या हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत राहतात, ते लघवीत उतरतं आणि त्याचे खडे बनतात. नणंदेच्या बाबतीत हेच निघालं.

दुसरं कारण औषधांचं. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारख्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्यांच्यामुळे काहींच्या लघवीतलं सायट्रेट कमी होतं. हे सायट्रेट खडा धरू देत नाही. सायक्लोस्पोरिननं युरिक ॲसिडही वाढू शकतं. पण म्हणून गोळी बंद करायची, असा अर्थ कोणी काढू नका! गोळी चुकली तर किडनीच जाईल.

तिसरं कारण लघवीचा वारंवार होणारा संसर्ग. चौथं कारण विसरलेली नळी. ऑपरेशनमध्ये मूत्रनळीचा जोड सुरक्षित राहावा म्हणून आत एक मऊ, बारीक नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती काही आठवड्यांनी काढायची असते. माणूस घरी येतो, बरं वाटतं, आणि ती राहून जाते. मग तिच्यावरच चुन्याच्या पुटासारखे थर चढतात. ती काढायची तारीख घरी येतानाच विचारून घ्या आणि कालनिर्णयवर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवा. आणि क्वचित, दात्याच्या किडनीत आधीपासूनच एखादा बारीक खडा असतो. म्हणूनच देणाऱ्याचीही कसून तपासणी करतात.

आणि या सगळ्यांना खतपाणी घालणारं पाचवं कारण म्हणजे पाणी कमी पिणं.

मोजून पाणी पिण्याची सवय

डॉक्टरांनी नणंदेला विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" ती म्हणाली, "चार-पाच फुलपात्रं." आम्ही सगळे चकित. तिला तर अडीच-तीन लिटर सांगितलं होतं! मग ती हळूच म्हणाली, "तीन वर्षं घोट मोजले हो. अजून तांब्या हातात घेतला की वाटतं, जास्त झालं तर धाप लागेल."

बघा मैत्रिणींनो, डायलिसिसच्या काळात जो नियम जीव वाचवत होता, तोच नव्या किडनीला घातक ठरला. घरच्यांनाही हे लक्षात येत नाही. आपणच तिला कित्येक वर्षं "पुरे आता" म्हणत आलेल्या असतो.

त्यात आपला मुलूख उन्हाचा. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान या भागांत मुतखड्याचं प्रमाण तसंही जास्त. घाम जातो, लघवी दाट होते, खडा धरतो. आणि आपण बायका घरात सगळ्यांना पाणी देतो, स्वतः मात्र शेवटी पितो. मी स्वतः शाळेत जाताना मुद्दाम कमी पाणी पीत होते, तास मधे सोडून जाता येत नाही म्हणून. ते आता बंद केलं.

आम्ही घरी केलेली व्यवस्था अशी. अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या, उकळून गार केलेल्या पाण्याच्या. दोन नाश्त्यापर्यंत, दोन जेवणानंतर दुपारभर, एक संध्याकाळी, एक रात्री झोपेपर्यंत. प्रवासाला निघताना दोन बाटल्या पिशवीत, आणि वाटेत कुठे उतरून जाता येईल ते आधीच ठरवून. माठ वापरायचा तर रोज घासलेला, झाकलेला, आणि लांब दांड्याचं ओगराळं. हात बुडवायचा नाही. लघवीचा रंग फिकट लिंबासारखा हवा. गडद पिवळा दिसला की पाणी कमी पडतंय.

पण एक सांगते, हे माप तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कोणाचं हृदय कमकुवत असतं, कोणाची नवी किडनी अजून पूर्ण चालत नसते. त्यांना एवढं पाणी चालणार नाही.

स्वयंपाकघरातलं

पहिलं मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. मीठ जास्त खाल्लं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. आमच्याकडची शेवभाजी, लोणचं, पापड, बिबड्या, केळीचे वेफर, सगळ्यात ते दडलेलं असतं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खुशाल करा, पण मीठ निम्मं. आठ दिवसांत जिभेला सवय होते.

दूध-दही बंद करू नका. पुष्कळ बायका खडा म्हटलं की दूध तोडतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते लघवीत उतरू देत नाही. दूध तोडलं तर उलटंच होतं. पालक आणि शेंगदाणे मात्र बेतानं, त्यांच्यात ऑक्झलेट जास्त. कॅल्शियमच्या, ड जीवनसत्त्वाच्या, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या दुकानातून आपणहून आणायच्या नाहीत.

लिंबूपाणी चांगलं, मीठ आणि सोडा न घालता. पपनस मात्र घरात आणू नका! त्यानं टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण भलतंच वाढू शकतं. करमळ, ज्याला स्टारफ्रूट म्हणतात, तेही किडनीच्या रुग्णाला नको. केळी विचारून खा, कारण टॅक्रोलिमसनं पोटॅशियमही वाढू शकतं.

आणि काढे. कुळथाचं पिठलं जेवणात खाणं निराळं आणि औषध म्हणून काढे पिणं निराळं. झाडपाल्याच्या औषधानं प्रत्यारोपणाच्या गोळ्यांचा परिणाम कमी-जास्त होऊ शकतो. आजींचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्यांचा अनुभव साध्या किडनीचा होता. दुखण्यावरच्या गोळ्याही, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, विचारल्याशिवाय नकोत.

हे झालं तर त्याच दिवशी फोन करा

१. लघवी नेहमीपेक्षा निम्मी झाली किंवा बंद झाली.
२. लघवीत रक्त, गढूळपणा, वास किंवा जळजळ.
३. शंभराच्या वर ताप, किंवा थंडी वाजून येणं.
४. एक-दोन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढलं, पाय सुजले.
५. ओटीपोटात, नव्या किडनीच्या जागी जडपणा वाटला.

यातलं एकही झालं तर "दुखतंय का?" हे विचारत बसू नका. आमच्याकडे आता एकेरी रेघेची एक वही आहे. रोज सकाळी वजन, ताप, रक्तदाब, प्यालेल्या बाटल्या आणि लघवीचं माप. नणंदेची आठवीतली लेक ती लिहिते. तपासणीच्या तारखा आणि सोनोग्राफी चुकवायची नाही, बरं वाटत असलं तरी.

एका भगिनीचं पत्र

धुळ्याच्या एका भगिनीनं विचारलंय, "मी यजमानांना किडनी दिली. सगळे त्यांची काळजी घेतात. मला काही पथ्य आहे का?"

आहे, ताई. तुमच्याजवळ आता एकच किडनी आहे. ती चांगलं काम करते, घाबरू नका. पण तिच्यात खडा अडकला तर भार घ्यायला दुसरी नाही. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब तपासा. पाणी भरपूर प्या. दुखण्यावरच्या गोळ्या टाळा. आणि यजमानांच्या बाटल्या भराल तेव्हा शेजारी स्वतःच्याही भरा.

जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण बोस्टनला १९५४ साली झालं, जुळ्या भावांमध्ये. आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम.मध्ये १९६५ साली पहिला प्रयत्न झाला, आणि वेल्लोरला १९७१ साली यश आलं. माझे वडील जयप्रकाशजींची गोष्ट सांगतात. १९७५ साली ते बंदिवासातून सुटले ते किडन्या निकामी होऊनच, आणि १९७९ साली जाईपर्यंत डायलिसिसवर होते. आज आमच्यासारख्या साध्या घरातली मुलगी आईची किडनी घेऊन आखाजीला माहेरी येऊ शकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, तेव्हा गरज असेल त्यांनी नोंदणीकृत दवाखान्यात आरोग्यमित्राकडे जरूर चौकशी करा.

या आखाजीला नणंद पुन्हा आली. झोक्यावर बसली होती, आणि सासूबाई खाली उभ्या. दर दहा झोक्यांनी ओरडत होत्या, "पानी पे गं!" ती हसून म्हणाली, "आई, किडनी दिली ती दिली, आता पहारापण करणार का?"

सासूबाई म्हणाल्या, "करीन. माझीच हाय ती."

बरं तर, पुढच्या आठवड्यात कुरडया, नक्की. गहू आजच भिजत घाला. आणि हो, आता हा अंक खाली ठेवून आधी एक पेलाभर पाणी प्या बघू.